शाहीर पडद्यावर, पवळा पडद्याआड

कवीवर बोलपट काढणे हे मोठे अवघड काम आहे. पहिलवानावर काढला तर कुस्ती दाखवता येते, सैनिकावर काढला तर लढाई दाखवता येते. कवी काय करतो? बसतो, विचार करतो, दोन शब्द लिहितो आणि त्यातला एक खोडतो. असा माणूस पडद्यावर पाच मिनिटे बसवून ठेवला तर पिटातला प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागेल. कविता ही कानाची वस्तू आहे आणि सिनेमा ही डोळ्याची. म्हणून कवीची गोष्ट सांगणाऱ्या दिग्दर्शकाला नेहमी एकच प्रश्न पडतो : जे ऐकायचे आहे ते दाखवायचे कसे?

या प्रश्नाला बहुतेकांनी एकच उत्तर शोधले, ते म्हणजे प्रेम. कवीचे प्रेम दाखवले की कविता आपोआप दिसू लागते. ती ऐकणारी एक स्त्री लागते, तिचा चेहरा लागतो, दोघांच्या आड येणारी भिंत लागते. आमच्या घरांमध्ये रविवारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा तेव्हा आई-आजी पदराने डोळे पुसत हेच पाहायच्या. आता मोबाइलवर जुने बोलपट सापडतात आणि तरुण मुलेही ते पाहतात. म्हणून या वेळी आपण अशा एका बोलपटाविषयी बोलू, आणि बोलता बोलता आपल्याच नगर जिल्ह्यातल्या एका स्त्रीपर्यंत जाऊ. तिचे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही.

पडदे रंगवणाऱ्याचा सिनेमा

१९४७ साली राजकमल कलामंदिराचा 'लोकशाहीर राम जोशी' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक म्हणून व्ही. शांताराम आणि बाबूराव पेंटर अशी दोघांची नावे. कथा-संवाद आणि गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. राम जोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. हिंदीतही तो 'मतवाला शायर राम जोशी' या नावाने निघाला. मराठीत पुढे तमाशापटांची जी लांबलचक रांग लागली तिची सुरुवात इथून झाली, असे जाणकार मानतात.

गोष्ट उत्तर पेशवाईतली आहे. सोलापूरचा एक ब्राह्मण तरुण, घराणे शास्त्र-पुराण सांगणारे, पण याचा जीव शेजारच्या शाहिराच्या फडात अडकलेला. थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. त्याने पंढरपुरात विद्या केली, कीर्तन केले, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या आणि लावण्याही रचल्या. हा इतिहासातला राम जोशी. बोलपटाने त्यात बयेचे प्रेम मध्यभागी आणले, आणि एका पंडिताचे चरित्र प्रेमकथा होऊन बसले.

यातले बाबूराव पेंटर हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातला हा माणूस. शाळा फारशी शिकलेला नव्हता. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' हेच त्याचे आडनाव झाले. विलायती कॅमेरा परवडत नाही म्हटल्यावर त्याने आपल्या लोकांच्या मदतीने कॅमेरा इथेच तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी उभे, भरीव देखावे बांधायचे, पात्रांचे पोशाख आधी कागदावर रेखाटायचे, कृत्रिम उजेड कुठून पाडायचा ते ठरवायचे, अशा गोष्टी त्याने मराठी सिनेमात रुजवल्या.

त्याच पेंटरांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' हा मूकपट सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्यावर होता. शेतकऱ्याचे काम तरुण शांतारामांनी केले होते. त्यातले एक दृश्य जुने लोक आयुष्यभर आठवून सांगत : रात्रीचा काळोख, एक पडकी झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे. मूकपटात आवाज नव्हता, तरी कुत्र्याचे रडणे पाहणाऱ्याच्या कानी पडले. डोळ्यांनी गोष्ट सांगणे म्हणतात ते हेच. कर्जाचा आकडा सांगितला नाही, सावकाराला शिव्या घातल्या नाहीत. एक झोपडी आणि एक कुत्रे दाखवले. ज्याच्या घरावर कधी जप्ती आली असेल त्याला पुढचे सांगावे लागत नाही.

सवाल-जवाब आणि कॅमेरा

राम जोशींच्या गोष्टीत सिनेमाला एक मोठी सोय मिळाली. ती म्हणजे तमाशाचा फड. एरवी कवी एकटा लिहितो, शाहीर मात्र लोकांसमोर रचतो. त्याची कविता जन्माला येतानाच दिसते. त्यातही सवाल-जवाब हा प्रकार तर कॅमेऱ्यासाठीच बनला आहे की काय असे वाटावे. एका बाजूला सवाल टाकणारा, दुसऱ्या बाजूला जवाब देणारा, मध्ये ढोलकी आणि समोर श्वास रोखून बसलेले लोक. कॅमेऱ्याने या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर जायचे, की झाले. आता उत्तर सुचते की नाही या चिंतेत प्रेक्षक पुढे सरकून बसतो. शब्दांची लढाई डोळ्यांना दिसू लागते, आणि त्या लढाईतच प्रेमही दिसते. सवाल टाकणारी मनातून त्याच्या जवाबाची वाट पाहत असते, हे हंसा वाडकरांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

पण इथे आपण जरा थांबले पाहिजे. सिनेमा पाहताना आपण बहुधा गोष्टीत वाहून जातो. चित्र कसे मांडले आहे याकडे लक्ष जात नाही. चित्र मांडणारा मात्र प्रत्येक गोष्ट ठरवून मांडत असतो. म्हणून घरात चार जण मिळून असा बोलपट पाहाल तेव्हा चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, उजेड कोणावर आहे? चित्रपट काळा-पांढरा असला तर हे फार चटकन कळते. ज्याचे दुःख आपले वाटावे अशी दिग्दर्शकाची इच्छा असते, त्याच्या चेहऱ्यावर उजेड येतो. बाकीचे सावलीत राहतात.

दुसरी, कोण उंचावर आहे आणि कोण खाली? वाड्याच्या गच्चीवर कोण, ओसरीवर कोण, अंगणात कोण आणि वेशीबाहेर कोण? आपल्या लोकांना हे शिकवावे लागत नाही. कुणी कुठे बसायचे हे गावाने पिढ्यान् पिढ्या शिकवले आहे. सिनेमातला वाडाही तेच सांगत असतो.

तिसरी, हातात कोणत्या वस्तू आहेत? पोथी, डफ, चाळ, पैशाची थैली, पाण्याची घागर. प्रत्येक वस्तू तिच्या मालकाची जात आणि पोट सांगते.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : कविता चालू असताना कॅमेरा कोणाच्या तोंडाकडे पाहतो? गाणाऱ्याच्या, की ऐकणाऱ्याच्या? आणि मागे उभा राहून झील धरणाऱ्याकडे तो कधी वळतो का?

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. तमाशाच्या फडात शाहिरामागे ढोलकीवाला असतो, तुणतुणेवाला असतो, झीलकरी असतात, सोंगाड्या असतो. ही कला मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी समाजातल्या माणसांनी जगवली. बहुतेक तमाशापटांत ही माणसे चित्रात असतात, पण चित्राच्या कडेला. गोष्ट पुढे उभ्या असलेल्या दोघांची असते.

काळाचेही तसेच आहे. ऐतिहासिक बोलपट म्हटला की वाडे येतात, पालख्या येतात, पगड्या येतात, पैठण्या येतात. ज्या पेशवाईत ही गोष्ट घडते त्याच पेशवाईच्या राजधानीत अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधावा लागे आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिसंहाराच्या निबंधात लिहून ठेवले आहे. असे किती बोलपट आपण पाहिले आणि त्यांच्या रस्त्यांवर ते मडके किती वेळा दिसले, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा. जे चित्रात नाही तेही काही सांगत असते.

चुलीपाशी राहिलेली जिजाई

याआधी अकरा वर्षे, १९३६ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला होता. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत. हा बोलपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला आणि तिथे वाखाणला गेला. तो भक्तिपट आहे, रूढ अर्थाने प्रेमकथा नाही. पण एका कवीच्या संसाराचे चित्र म्हणून त्याच्याइतका चांगला बोलपट मराठीत सापडणे कठीण.

त्यातली जिजाई पाहा. हे काम गौरी नावाच्या नटीने केले. ती मोठ्या घरची नव्हती. प्रभातमध्ये हलकीसलकी कामे करत ती पुढे आली होती. म्हणूनच की काय, तिची जिजाई कष्टाची बाई दिसते. तुकोबा भजनात रंगलेले असतात तेव्हा म्हैस, शेण, चूल आणि पोरे हिच्या वाट्याला असतात. कवीला आकाशाकडे पाहायला वेळ मिळतो, कारण कोणीतरी जमिनीवरची कामे उरकत असते. शेवटी विमान येते आणि तुकोबा वैकुंठाला निघतात. जिजाई पोराबाळांसह खालीच राहते. विमानाचा चमत्कार ज्याला पटत नाही त्यानेही हे दृश्य पाहावे. वर जाणारा एक आणि खाली राहणारी एक, एवढ्या एका मांडणीत स्त्रीच्या संसाराची सारी कथा आली आहे.

सुईपासून सुरू होणारी गोष्ट

आता जरा दूरचे उदाहरण. इंग्लंडात जॉन कीट्स नावाचा कवी होऊन गेला. १७९५ चा जन्म. बाप घोड्यांच्या तबेल्यावर काम करणारा. मुलगा औषधपाणी आणि शस्त्रक्रिया शिकला, पण मन कवितेत. १८१८ साली त्याचे काव्य प्रसिद्ध झाले तेव्हा एका बड्या मासिकाच्या टीकाकाराने त्याला सुनावले की कविता सोड आणि पुन्हा औषधाच्या दुकानात जा. ज्याच्या घराण्यात कुणी शिकलेले नाही त्याने लेखणी धरली की अशी वाक्ये ऐकावी लागतात. हा अनुभव काही आपल्याच देशाचा नाही. कीट्स क्षयाने रोममध्ये १८२१ साली वारला. वय अवघे पंचवीस. फॅनी ब्रॉन या मुलीशी त्याचे लग्न ठरले होते, पण संसार मांडण्याइतका पैसा त्याच्याजवळ कधीच आला नाही.

न्यूझीलंडच्या जेन कॅम्पियन या बाईंनी २००९ साली त्यांच्यावर 'ब्राइट स्टार' नावाचा चित्रपट काढला. त्याची सुरुवात कवीपासून होत नाही. अगदी जवळून दाखवलेली एक सुई कापडातून जाते, दोरा ओढला जातो, तिथून चित्रपट सुरू होतो. शिवणारे हात फॅनीचे आहेत. ती आपले कपडे आपणच बेतते आणि शिवते. कवीच्या लेखणीआधी बाईची सुई दाखवून दिग्दर्शिकेने पहिल्याच क्षणी सांगून टाकले की ही गोष्ट तिच्या बाजूने सांगितली जाणार आहे, आणि तिचे कामही त्याच्या कामाइतकेच बारकाईचे आहे.

पुढे एका घराच्या दोन भागांत दोघे राहतात. मध्ये भिंत. या बाजूने ती भिंतीला हात लावते, त्या बाजूने तो. संवाद नाही की गाणे नाही, फक्त भिंत आणि दोन हात. आणि त्याच्या मृत्यूची बातमी आल्यावर ती काय करते? पुन्हा सुई हातात घेते आणि काळा पोशाख शिवते. सुरुवातीची सुई शेवटी दुःखाची होते.

शिवणयंत्रावर ब्लाऊज शिवून घर चालवणाऱ्या किती बहिणी हे पान वाचत असतील. त्यांना ही सुई सांगावी लागणार नाही. मला यातून एकच मुद्दा घ्यायचा आहे. गोष्ट तीच राहते, पण कोणाच्या हातापासून सुरू केली यावर तिचा सारा अर्थ बदलतो.

आपल्या जिल्ह्यातली पवळा

आमचे केडगाव म्हणजे पुण्याच्या रस्त्यावरचे, दौंडचे नव्हे तर नगरचे. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे. इथून संगमनेरला जायचे आणि पुणे-नाशिक रस्ता धरायचा, म्हणजे हिवरगाव पावसा लागते. टोलनाका म्हणून गाडीवाल्यांना हे नाव माहीत असते. पैसे भरून गाड्या पुढे जातात. याच गावची पवळा.

पवळाबाई हिवरगावकर, जन्म १८७०, मृत्यू १९३९. महार समाजात जन्मलेली. लोक तिला नामचंद पवळा म्हणत. त्याआधी तमाशात बहुधा पोरेच बाईचा वेष घेऊन नाचत, त्यांना नाच्या म्हणत. तमाशाच्या बोर्डावर बाई म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांत पवळाचे नाव घेतले जाते. म्हणजे बोलपटातल्या बयेला पडद्यावर नाचण्याची जी वाट मिळाली, ती प्रत्यक्षात पवळासारख्या बायकांनी स्वतःच्या पायांनी पाडलेली होती.

आणि तिच्या गोष्टीतही एक कवी आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. जन्म १८६६. गावचे कुलकर्णीपण सोडून हा ब्राह्मण तमाशात आला आणि पठ्ठे बापूराव झाला. बापूरावांची लावणी आणि पवळाचा नाच यांनी मुंबईची थिएटरे दणाणून सोडली. ब्राह्मण शाहीर आणि महार कलावंतीण एका बोर्डावर, एका संसारात. राम जोशी आणि बया ही जोडी बोलपटात गाजली. ही जोडी तर आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे दोघे वेगळे झाले. बापूराव १९४५ साली पुण्यात हलाखीत वारले. त्यांचे नाव राहिले, त्यांच्या लावण्या राहिल्या, त्यांच्यावर पुस्तके झाली. पवळाचे नाव मात्र पुष्कळदा त्यांच्या नावाला चिकटूनच येते. जशी बया राम जोशींच्या नावाला.

प्रेमकथा म्हणून ही गोष्ट सांगायला फार सोपी आहे. जात मोडून प्रेम केले, असे म्हटले की टाळ्या पडतात. पण पवळाच्या बाजूने पाहिले तर काही प्रश्न उभे राहतात. बापूरावांनी जात सोडली ती स्वेच्छेने. त्यांना सोडायला वतन तरी होते. पवळाला निवडायला काय होते? त्याने तमाशात येणे हा त्याग ठरला आणि तिने तमाशात येणे ही तिची जात ठरली. बोर्ड एकच, उजेड एकच, पण दोघांवर पडणारी नजर एक नव्हती.

बाबासाहेबांनी नाकारलेले पैसे

हे ज्यांनी त्याच काळात ओळखले ते बाबासाहेब होते. १९२७ साली महाडचा लढा चालू असताना बापूरावांनी आपल्या तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न लढ्याला देऊ केले. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा अस्पृश्यांच्या मुक्तीला कसा चालेल, असा त्यामागचा विचार होता. चळवळीला पैशाची चणचण होती. सभेला येणाऱ्याच्या भाकरीची सोय करता करता कार्यकर्ते मेटाकुटीला येत. तरीही नकार दिला. पुढे १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी अशा भगिनींसमोर बोलताना त्यांनी हे जिणे सोडून स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले.

हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. पण तो सांगताना आपल्याकडून एक गफलत होते, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. बाबासाहेबांनी नाकारला तो पैसा आणि ती व्यवस्था. त्या व्यवस्थेत अडकलेल्या बाईला माणूस म्हणून त्यांनी नाकारले नाही. उलट तिच्यासमोर उभे राहून ते बोलले. आपल्या वस्त्यांत मात्र कालांतराने तमाशा सोडण्याबरोबर तमाशातल्या बायकांची नावेही सोडली गेली. कुणाची आजी फडात होती हे लग्न जुळवताना झाकून ठेवले जाऊ लागले. तिच्या पायातले चाळ कुणी विहिरीत टाकले, कुणी भंगारात दिले. पोरांना सांगितले, आजी मजुरी करायची. मजुरी तर ती करतच होती, पायांची आणि गळ्याची. लाज तिला नाचायला लावणाऱ्यांना वाटायला हवी होती. ती आपल्या घरात का यावी?

या विषयाचा आता अभ्यासही होतो आहे. नगर जिल्ह्यातच जन्मलेल्या डॉ. शैलजा पाईक अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. तमाशा, जात आणि दलित स्त्रिया यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पवळा आणि बापूरावांचीही चर्चा आहे. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा मान मिळाला. ज्या नावांवर आपण पांघरूण घातले, ती नावे आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीने जगाच्या ग्रंथालयात नेऊन ठेवली.

बया झालेली हंसा

आता पुन्हा बोलपटाकडे. बयेचे काम करणाऱ्या हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर. १९२३ चा जन्म, कलावंतिणीच्या परंपरेतले घर. घरात पैसा यावा म्हणून त्या अजाण वयातच सिनेमात उभ्या केल्या गेल्या. राम जोशींनंतर १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या तमाशापटाने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. त्यांनी आपली जीवनकथा अरुण साधू यांना सांगितली, ती याच नावाने पुस्तकरूपाने आली. नवऱ्याचा जाच, दारू, फसवणूक, कमावत्या बाईच्या पैशावर जगणारे घर, सारे त्यांनी न लपवता सांगितले. पडद्यावरची बया शाहिराच्या प्रेमात पडते आणि प्रेक्षक हळहळतात. ती बया उभी करणाऱ्या बाईच्या घरी काय चालले होते हे त्यातल्या कुणाला ठाऊक नव्हते.

त्या आत्मकथेवरून १९७७ साली श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील यांना त्यातल्या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डोळ्यांनी गोष्ट सांगण्याचा तो एक धडाच आहे. आजचा काळ रंगीत, आठवणींतला काळ काळा-पांढरा किंवा तपकिरी झाक असलेला. कोणत्या वर्षाची गोष्ट चालू आहे हे सांगायला पाटी लागत नाही, रंगच सांगतो. कॅमेरा गोविंद निहलानींचा होता. आणि मुख्य म्हणजे उजेड पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्यावर आहे. पुरुष येतात, जातात. ती चौकटीच्या मध्ये राहते. बयेची गोष्ट शाहिराच्या नावाने सांगितली गेली होती. हंसाची गोष्ट तिच्या स्वतःच्या तोंडून आली, म्हणून चित्र बदलले.

आपला चित्रपट कोठून सुरू होईल?

पवळाची गोष्ट पडद्यावर कुणी तिच्या बाजूने सांगायची ठरवली तर ती कोठून सुरू करावी? वाड्यापासून नको, बापूरावांच्या लेखणीपासूनही नको. दोन पायांपासून करावी. कोणी तरी बसून त्या पायांना चाळ बांधते आहे, एकेक वेढा घट्ट करते आहे, आणि कातडी सोलवटू नये म्हणून खाली फडके गुंडाळते आहे. फॅनीच्या सुईसारखेच हेही काम आहे. मग ढोलकीवर थाप पडावी. प्रेक्षकाला आधी कष्ट दिसावेत, नंतर शृंगार.

असाच दुसरा बोलपट वामनदादा कर्डकांवर निघावा असे फार वाटते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा, जन्म १९२२, मृत्यू २००४. ज्यांची गाणी आपल्या जयंतीच्या प्रत्येक स्टेजवर असतात, त्या माणसाला ऐन तारुण्यात अक्षर वाचता येत नव्हते. कुणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही. ती लाज मनाला लागली आणि ते मुंबईत दुकानांच्या पाट्या लावून लावून वाचायला शिकले. यापेक्षा चांगले दृश्य कुठल्या दिग्दर्शकाला हवे आहे? रस्त्याच्या कडेला उभा एक तरुण मान वर करून पाटी पाहतो आहे, ओठ हलताहेत, आणि आपल्याला कळते की एक कवी तयार होतो आहे.

असो. तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. या रविवारी जुना बोलपट लावा, घरातल्या सगळ्यांनी बसा आणि वर सांगितलेले चार प्रश्न मुलांना विचारा. उजेड कोणावर, उंचावर कोण, हातात काय, आणि कॅमेरा कोणाच्या तोंडाकडे पाहतो. मुले फार चटकन ओळखतात. आणि घरात कुणी म्हातारी माणसे असतील तर त्यांना आपल्या कुळातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची नावे विचारा. कुणी सांगायला लाजले तर म्हणा, आजी, लाजू नकोस, वहीत लिहून घेतो. वहीच्या पहिल्या ओळीवर तिचे पूर्ण नाव लिहा आणि पुढे गावाचे नाव घाला. पवळाचे गाव लक्षात राहिले ते तिने हिवरगावकर हे नाव लावले म्हणूनच.